ठेक्याला सील

श्रीपती शेवडेला "कसा आहेस?" असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी तो "का?" असं विचारायचा. विचारणाऱ्याला बिचाऱ्याला काही नको असायचं, पण श्रीपती त्याच्याकडे असा बघायचा, की त्यालाच वाटायला लागावं, आपल्याला नक्की काहीतरी हवं आहे. बाकीचे लोक संशय घेतात ते हौसेने. श्रीपतीला त्याचा पगार मिळत असे. तो वीज मंडळात मीटर तपासायला होता.

रत्नागिरीत आणि आसपासच्या वाड्यांत तो खांद्याला पिशवी अडकवून हिंडायचा. पिशवीत पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी आणि काय काय. ही पिशवी तो कुणाच्या घरी खाली ठेवत नसे, चहा घेतानासुद्धा ती मांडीवर असायची. मीटरवरच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो बघायचा काचेआड फिरणारी चकती. सरळ माणसाच्या घरची चकती एका चालीने फिरते. जिथे आत कुणी काही करून ठेवलेलं असतं, तिथे ती अडखळते, दम खाते. "माणसाने चाल बघावी, चेहरा बघू नये," असं तो म्हणे, आणि चहाचा घोट घेता घेता घरमालकाचा चेहराही बघून घेई.

असा हा माणूस संध्याकाळी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ऐकणाऱ्याला हसू येई, पण गोष्ट खरी होती.

बँड काढला यज्ञेशने, अठ्ठ्याण्णव साली. घरच्या हापूसच्या बागा, स्वतः पुण्याला शिकायला गेलेला, आणि परत आला तो पदवी आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन. वडिलांनी पदवीकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं आणि विचारलं, "रॉक म्हणजे काय रे?" यज्ञेशला दुसरं काही सुचेना. "कातळ," तो म्हणाला. तेच बँडचं नाव पडलं. गायला आणि कीबोर्डला सावनी, ती शाळेत संगीत शिकवायची. बेस गिटारला वरद, तो कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा. ड्रम घेऊन आला श्रीपती. पूर्वी तो गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. ऑर्केस्ट्रा भांडणात मोडला आणि ड्रमचा सेट त्याच्या गळ्यात पडला. बाकी तिघांहून तो दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणत.

तालीम चालायची यज्ञेशच्या बागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये. आंब्याचे दिवस सोडले तर तिथे रिकाम्या पेट्या आणि पेंढा यांच्याशिवाय काही नसे. त्या पेंढ्यात आवाज चांगला मुरायचा. आणि श्रीपती वाजवायचा काय, तर धप्, टक्, धप्‌धप्, टक्. गाणं सुरू झालं की हा ठेका, गाणं संपलं की हा ठेका संपला. मध्ये ड्रमवाले हातांच्या गिरक्या घेऊन जे रोल टाकतात, ते श्रीपतीकडे नव्हतेच. कडव्याच्या शेवटी झांज एकदा वाजवायचा, ती देवळात शिरताना घंटा वाजवावी तितकीच. गिरक्या घेणारा माणूस काहीतरी लपवतो, हे त्याचं नोकरीतलं मत ड्रमपर्यंत आलं होतं.

दोन वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग दोन हजार सालच्या पावसाळ्यानंतर चिपळूणला बँडची स्पर्धा झाली. कातळला नंबर मिळाला नाही. परीक्षक मुंबईचे होते. बक्षिसं वाटून झाल्यावर ते खाली उतरले, यज्ञेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाणी चांगली आहेत. गिटार चांगली आहे. तुमचा ड्रमर साधा आहे." एवढं बोलून ते चहाकडे गेले.

परतीच्या वाटेवर हातखंब्याला जीप थांबवून चौघं चहाला बसले. शेवटी श्रीपतीनेच विषय काढला, कारण न काढता त्याला राहवलं नसतं.

"साधा म्हणजे काय म्हणायचं होतं त्यांना?"

"कौतुकच केलं त्यांनी," सावनी चटकन म्हणाली. ती जरा जास्तच चटकन म्हणाली, असं श्रीपतीला वाटलं.

"कौतुक कसलं डोंबलाचं!" यज्ञेश उसळला. "रॉक आहे हे दादा, आरती नाही. इतर बँडचे ड्रमर बघितलेस ना? हात दिसत नव्हते त्यांचे. आणि आपण आपलं धप् टक्. साधा म्हणजे त्यांनी नीट भाषेत शिवी घातलीन."

"गाताना मला दादांचा ठेका लागतो," सावनी म्हणाली. "त्यावर पाय ठेवूनच मी वरचा सूर घेते."

"लागतो तर लागतो. पण तो टाळ्या मिळवून देत नाही."

वरदने चहा संपवला.

आता दुसऱ्या गावचा माणूस असता, तर त्याने दोन दिवस वाईट वाटून घेतलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण श्रीपती रत्नागिरीचा. इथे कुणी कुणाचं सरळ कौतुक करत नाही. जेवण उत्तम झालं तर "वाईट नव्हतं" म्हणतात. पोरगा बोर्डात आला तर "यंदा पेपर सोपे होते" म्हणतात. तेव्हा "साधा" हा शब्द कुठल्या मापाने मोजायचा, हा खरा प्रश्न होता. बोलणारा मुंबईचा असेल तर ती टीका. मूळचा इकडचा असेल, तर मात्र याहून मोठं कौतुक नाही. श्रीपतीने परीक्षकांचं मूळ गाव शोधायला सुरुवात केली. मीटरच्या निमित्ताने चार घरी चौकशा केल्या, आणि कळलं ते असं, की गृहस्थ जन्मापासून मुंबईचे, पण त्यांचं आजोळ इकडचं, हेदवी.

"म्हणजे निम्मं कौतुक नि निम्मी टीका," त्याची बायको मालिनी म्हणाली. "आता हेदवीला जाऊन त्यांच्या मामांना विचारून या."

"चेष्टा करू नकोस. ती पोरं मला काढणार आहेत."

"कुणी सांगितलंन?"

"सांगतंय कोण? कळतं."

"अहो, साधा म्हणालान तर म्हणालान. आमटी साधी असली म्हणून कुणी ताटातून काढून टाकत नाही."

"पण दुसऱ्यांदा वाटी पुढे करतं का कुणी?"

मालिनी नारळ खवत होती. हात थांबवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "एक विचारू? तुम्ही साधं वाजवता ते आवडतं म्हणून, की चुकायची भीती वाटते म्हणून?"

श्रीपतीला तिचा राग आला. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने उशीवर काठ्या घेऊन रोल टाकून पाहिले. हात परक्याच्या घरात शिरल्यासारखे बिचकत होते. त्याने काठ्या ठेवून दिल्या. त्याला फार वाईट वाटलं. नोकरी पोटासाठी होती, पण आठवड्यातून तीनदा त्या शेडमधल्या स्टुलावर बसणं, हीच त्याच्या आयुष्यातली त्याची म्हणावी अशी एकमेव जागा होती, आणि ती जाणार असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मनाने घेतल्यावर पुरावे मिळायला कितीसा वेळ लागतो? दिवाळीनंतरच्या पहिल्या तालमीला श्रीपती स्टुलावर बसला आणि त्याचे गुडघे वर आले. स्टूल खाली केलेलं होतं. श्रीपती उंच माणूस, त्याचं स्टूल स्क्रूच्या वरच्या आट्यावर असायचं. म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याच्याहून बुटका कुणीतरी या ड्रमवर बसत होता. तो काही बोलला नाही. मीटरमध्ये फेरफार दिसला, की लगेच बोलायचं नसतं. आधी सील लावायचं असतं.

मंडळाचं सील खासगी कामाला वापरणं त्याला पटणारं नव्हतं. माणूस संशयी होता, पण अप्रामाणिक नव्हता. त्याने घरून पांढरा दोरा आणि पार्सलला लावतात ती लाल लाख आणली. तालीम संपल्यावर सगळे पुढे गेले, तेव्हा त्याने स्टुलापासून पायाच्या पेडलपर्यंत दोरा ओढला, गाठीवर लाखेचा थेंब पाडला आणि त्यावर अंगठा दाबला. आता जो कुणी बसेल त्याला दोरा तोडावाच लागणार होता.

पुढच्या तालमीला तो मुद्दाम सगळ्यांच्या आधी आला. दोरा तुटलेला होता. आणि शेडच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, एक नारळ ठेवलेला होता. नारळाला हळदकुंकू.

श्रीपती त्या नारळाकडे बघत उभा राहिला. कुठल्याही नव्या कामाचा मुहूर्त नारळावाचून होत नाही. नवी होडी, नवं दुकान, नवा ड्रमर.

बागेची राखण करणारा बाबल्या आंब्याच्या कलमांच्या बुंध्यातलं गवत काढत होता. श्रीपतीने त्याला गाठलं. "बाबल्या, हा नारळ कसला रे?"

बाबल्याने मान वर केली नाही. "नारल? असूंदे. लागतो कदी कदी."

"शेडमध्ये कोण येतं दुपारचं?"

"मला काय म्हाईत? मी आपला हय कलमांत. मी नाय जात त्या शेडात. आता तं अजाबात नाय जानार."

"आता म्हणजे?"

"आता म्हंजे आता," असं म्हणून बाबल्या कोयती घेऊन पलीकडच्या कलमाकडे गेला. एवढी टाळाटाळ श्रीपतीने अट्टल वीजचोरांच्या घरीसुद्धा पाहिली नव्हती. त्याच्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही, खात्रीच झाली.

त्याच आठवड्यात चिपळूणजवळच्या अलोऱ्याहून जुन्या ओळखीच्या शिवाचा फोन आला. शिवाचा तिथल्या कॉलनीत ऑर्केस्ट्रा होता. सव्वीस जानेवारीला त्यांचा कार्यक्रम होता आणि ड्रमवाला नव्हता. याआधीही शिवाने दोनदा विचारलं होतं आणि श्रीपतीने त्याला वाटेला लावलं होतं. यंदा सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळीच रत्नागिरीत कॉलेजच्या मैदानावर कातळचा कार्यक्रम ठरलेला होता, आपल्या गावातला पहिला मोठा कार्यक्रम. श्रीपतीला ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हाकलायच्या आत आपण निघालेलं बरं, असा विचार करून तो शिवाला "हो" म्हणाला. हे त्याने कातळमध्ये सांगितलं नाही. मालिनीलाही सांगितलं नाही. त्यांना आयत्या वेळी कळू दे, असं त्याला वाटलं, आणि त्या विचाराने त्याला जरा बरंही वाटलं.

आता फक्त चोर रंगेहाथ धरायचा राहिला होता. एका तालमीत त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "रविवारी मी हेदवीला दशभुजा गणपतीला जाणार. तालमीला उशीर होईल." आणि रविवारी जेवणं आटोपून गाव आडवं झालेलं असताना, पिशवी खांद्याला लावून, तो बागेच्या मागच्या दगडी गडग्यावरून आत उतरला. छापा घालायची हीच वेळ असते.

शेडमधून ड्रम ऐकू येत होता.

श्रीपती फळ्यांच्या भिंतीला कान लावून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, मुंबईचा कुणी पट्टीचा वाजवणारा असेल, रोलवर रोल टाकत असेल. तसं नव्हतं. धप्, टक्, धप्‌धप्, टक्. त्याचाच ठेका होता. पण दोनचार आवर्तनं झाली, की ठेका सुटायचा, गोठा दिसल्यावर म्हैस सुटावी तसा. मग तो थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा, या वेळी मुद्दाम आवरून धरलेला, आणि दुसऱ्याच मिनिटाला रेंगाळायचा. मीटरमध्ये काहीतरी करून ठेवलेल्या घरची चकती अशीच फिरते. मग काठ्या आपटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, "च्यायला!"

तो आवाज श्रीपतीच्या ओळखीचा होता. त्याने दार ढकललं. स्टुलावर घामाघूम झालेला यज्ञेश बसला होता. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"सील कुणी तोडलंन?" श्रीपतीने कामावरच्या आवाजात विचारलं.

"सील?" यज्ञेश उठून उभा राहिला. "तो दोरा? तो तू बांधलेलास? मला वाटलं, बाबल्याने काही वाळत घालायला बांधलंय." मग त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न तर आपण विचारायला हवा. "तू हेदवीला जाणार होतास ना?"

"माझ्या ड्रमवर काय करतोयस?"

यज्ञेशने बाहीने घाम पुसला. लहानपणापासून कुणासमोर मान खाली घालायची वेळ न आलेला तो मुलगा होता. शेवटी म्हणाला, "त्या परीक्षकांनी साधा म्हटलंन तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. वाटलं, आपली गाणी पडतायत ती तुझ्यामुळे. म्हटलं, तू हे जे वाजवतोस ते मी एका दुपारी शिकेन, आणि मग तुला दाखवीन त्यात काय काय घालता येतं ते. म्हणून बसलो. दिवाळीपासून बसतोय, दादा. एकदासुद्धा गाण्याच्या शेवटापर्यंत पोचलेलो नाही."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? हे बघ." यज्ञेशने काठ्या उचलल्या आणि सगळ्या ड्रमवरून एक झकास रोल फिरवला. "हे येतं. आणि ते धप् टक् येत नाही."

श्रीपतीने त्याला पुन्हा ठेका धरायला लावला. स्वतः समोर उभा राहून, मीटरकडे बघावं तसा त्याच्या हातांकडे बघत राहिला. मुद्दाम चुकतोय का, ते त्याला तपासायचं होतं. यज्ञेश मुद्दाम चुकत नव्हता. तो जिवापाड प्रयत्न करत होता आणि ठेका त्याच्या हातातून निसटत होता. एवढं मोठं कौतुक श्रीपतीच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं, आणि त्यात कौतुकाचा एकही शब्द नव्हता. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला अलोरे आठवलं.

रविवारची तालीम लवकर असे. एवढ्यात सावनी आणि वरद आले. श्रीपतीने स्टूल वर चढवलं आणि नेहमीसारखा पिशवी पाठीवर टाकूनच तो बसला. सव्वीस जानेवारीला जे गाणं पहिलं म्हणायचं होतं तेच घेतलं. धप्, टक्, धप्‌धप्, टक्. सावनीने पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला ती वर जायला लागली, आणि श्रीपतीच्या मनात आलं, त्या दिवशी हिच्या पायाखाली कोण असणार? पाय पेडलवर किंचित उशिरा पडला.

वर चार रोल टाकलेले असते, तर त्या गोंधळात कुणाला काही कळलं नसतं. साध्या ठेक्यात लपायला जागाच नसते. सावनीचा सूर तुटला. तिने वळून पाहिलं. इतके दिवस तोच ठेका धरू पाहणाऱ्या यज्ञेशनेही गिटारवरचा हात काढला.

"दादा, अडखळलास," वरद म्हणाला. त्या वर्षातलं बहुधा ते त्याचं पहिलंच वाक्य होतं.

श्रीपतीने काठ्या मांडीवर ठेवल्या. किती घरमालकांना त्याने याच क्षणाला आणून उभं केलं होतं! त्यातले काही जण भांडायचे, काही देवाची शपथ घ्यायचे. श्रीपतीने त्यातलं काही केलं नाही.

"सव्वीस तारखेला मी अलोऱ्याला वाजवणार आहे," तो म्हणाला. "शिवाला हो म्हणून बसलोय."

"आमचा कार्यक्रम टाकून?" सावनीचा आवाज चढला. "आम्हाला विचारलंतसुद्धा नाही?"

"तुम्ही मला काढणार होतात."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

श्रीपतीने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "नारळाने."

यज्ञेशला काही कळेना. त्याने बाबल्याला हाक मारली. बाबल्या आला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकीना. बराच वेळ खोदून विचारल्यावर तो बोलता झाला.

"आता काय सांगू? त्या वाजपाला पांडरा दोरा गुतवलेला नि वर तांबडा थेंब, रगतासारा. माज्या काळजाचा पानी झाला. म्हटला, मालकांवर कोनीतरी करनी क्येलीय. मंग ह्या जाग्याच्या राखनदार द्येवाला नारल ठिवला नि गाराना घातला, की बाबा रे, ज्यानी क्येला त्याचा त्याच्यावर पाटव."

यज्ञेश हसायला लागला. वरदही हसला. श्रीपती हसला नाही, कारण गाऱ्हाणं त्या राखणदार देवाने ऐकलेलं होतं आणि ज्याचं त्याच्यावर येऊन पोचलं होतं. सावनीही हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. "दादा," ती म्हणाली, "नारळाला विचारलंत, बाबल्याला विचारलंत, त्या परीक्षकांच्या आजोळाची गावभर चौकशी केलीत, तीही आमच्या कानावर आली. आम्ही रोज समोर होतो."

यावर शेवड्यांच्या श्रीपतीला, ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नावर उलटा प्रश्न तयार असायचा, काहीही विचारता आलं नाही.

"नाक्यावर जा आणि शिवाला फोन करून ये," यज्ञेश म्हणाला. "त्याला दुसरा कुणीतरी मिळेल अजून. आम्हाला नाही मिळायचा."

श्रीपती उठला. पिशवी खांद्यावर सारखी केली. दारापर्यंत गेला आणि थांबला. सवय अशी सुटत नाही. "आणि मी तिकडे गेलो नि तुम्ही इथे..."

"मग सील लावून जा," यज्ञेश म्हणाला.

श्रीपतीने पिशवीत हात घातला. दोरा होता, लाखही होती. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात रिकामाच बाहेर काढला, खांद्यावरून पिशवी उतरवली, ती ड्रमच्या स्टुलावर ठेवली, आणि फोन करायला निघाला. फाटकापाशी त्याने मागे वळून पाहिलं, पण एकदाच.